थरथरत्या हातासाठी चमचा

आमटीने भरलेला चमचा ताटापासून तोंडापर्यंत न्यायला आपल्याला किती वेळ लागतो? फार तर दोन सेकंद. एवढ्या वेळात खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांचे स्नायू एकमेकांशी जुळवून घेत काम करतात. चमचा वर येत असताना त्याची बशी सपाट ठेवण्यासाठी मनगट सारखे थोडे थोडे वळत राहते. हे सर्व आपण गप्पा मारता मारता करतो. त्यात काही कौशल्य आहे, असे आपल्या मनातही येत नाही.

पण ज्यांना कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार झाला आहे, त्यांना हेच दोन सेकंद फार जड जातात. आमटी सांडते, भात ताटाबाहेर जातो, पाण्याचा पेला तोंडाशी येईपर्यंत अर्धा होतो. मग माणूस पंगतीला बसायचे टाळतो, पाहुणे आले की ‘मी नंतर जेवतो’ म्हणतो. घरची माणसे प्रेमाने भरवू लागतात. परंतु आयुष्यभर स्वतःच्या हाताने जेवलेल्या माणसाला ते नेहमीच रुचते असे नाही. कित्येकदा खाणे कमी होते आणि वजनही घटते.

अशा माणसांसाठी निरनिराळे चमचे, पेले आणि ताटल्या तयार झाल्या आहेत. त्यांतल्या काही सुताराच्या किंवा शिंप्याच्या साध्या युक्तीने करता येण्याजोग्या आहेत, तर काहींत चक्क संगणकाची चकती आणि विद्युत्-चलित्रे बसवलेली आहेत. त्यांच्यामागचे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. मात्र त्यातला कोणता चमचा कोणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी आधी हाताचे नेमके काय बिघडले आहे ते पाहावे लागते.

पार्किन्सन यांचे निरीक्षण

लंडनच्या हॉक्सटन भागात वैद्यकी करणारे जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) यांनी १८१७ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले होते. यांतील काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यातून जाताना पाहिले होते. पुढे शार्को या फ्रेंच वैद्यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. पार्किन्सन यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा आता जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

या निबंधात जेवणाविषयी एक बारीक निरीक्षण आहे. रुग्णाचा काटा नीट रोखला जात नाही, त्यामुळे ताटलीतला घासच पुष्कळदा उचलला जात नाही. आणि उचलला गेलाच तर तो तोंडापर्यंत पोचवणे कठीण जाते, असे त्यांनी नोंदवले. दुखणे पुढे वाढले म्हणजे चावणे आणि गिळणेही अवघड होते, हेही त्यांनी लिहिले. म्हणजे जेवणाचे तीन टप्पे त्यांनी वेगळे पाहिले होते : घास उचलणे, घास वाहून नेणे आणि घास गिळणे. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही उपकरणांचा विचार करताना हीच तीन टप्प्यांची वाटणी उपयोगी पडते.

मेंदूत काय बिघडते?

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत काळपट रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ म्हणजे काळा पदार्थ असे नाव आहे. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. ‘हालचाल सुरू कर, एवढ्याच जोराने कर, आता थांबव’ अशा आज्ञा सुरळीत जाण्यासाठी हे रसायन लागते. पार्किन्सनच्या आजारात या पेशी हळूहळू नष्ट होतात.

डोपामीनचे मेंदूतील महत्त्व स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली व्हिएन्नाच्या होर्निकीविच यांनी या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी पडते असे दाखवले, आणि १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी लेव्होडोपा हे औषध तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा घडवली. हे द्रव्य आपल्याकडील खाजकुहिलीच्या बियांतही असते; भारतीय संशोधकांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे केले होते. (म्हणून कोणी खाजकुहिलीच्या बिया स्वतःच्या मनाने खाऊ नयेत. औषधाची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे.)

या औषधाने अनेकांचे हात पुन्हा चालू लागले, परंतु आजार समूळ बरा करणारे औषध अजून मिळालेले नाही. शिवाय औषधाचा परिणाम दिवसभर सारखा राहत नाही. एकाच माणसाचा हात सकाळी दहाला चांगला चालतो आणि दुपारी एकला अडतो.

आजाराची हातात दिसणारी मुख्य लक्षणे तीन : कंप, ताठरपणा आणि मंदपणा. कंप साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये औषधाची गोळी वळावी तशी बोटे हलतात. गंमत अशी, की हा कंप बहुधा हात स्वस्थ ठेवला असताना अधिक असतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. पण काही जणांत हात वर धरून ठेवला की काही क्षणांनी तो पुन्हा सुरू होतो. आणि कित्येक रुग्णांना कंप फारसा नसतोच. त्यांचा घास सांडतो तो ताठर मनगट वळत नाही म्हणून, किंवा बोटांची पकड सैल पडते म्हणून.

हात काम करत असतानाच ज्यात जास्त थरथरतो, असा दुसरा एक विकार आहे. त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. तो पार्किन्सनपेक्षा वेगळा. पुष्कळ लोक या दोहोंची गल्लत करतात. चमचा निवडताना हा फरक का महत्त्वाचा ठरतो, ते पुढे दिसेलच.

पहिला टप्पा : घास उचलणे

सपाट बशीतला भात चमच्याने उचलायचा तर चमचा भाताखाली सरकवावा लागतो. भात पुढे पुढे पळतो. आपण नकळत मनगट वळवून त्याला पकडतो. ताठर मनगटाला हे जमत नाही. यावर उपाय सोपा आहे : भाताला अडवायला भिंत द्यावी. परदेशात सपाट बशीच्या काठाला अडकवायची एक उभी पट्टी मिळते, किंवा एका बाजूला उंच, आत वळलेला काठ असलेली खास बशी मिळते. चमचा त्या भिंतीकडे ढकलला की घास आपोआप चमच्यात चढतो.

आता आपल्या घरातले उभ्या काठाचे स्टीलचे ताट आठवा. ते जवळजवळ हेच काम करते! खोलगट वाटी किंवा उभ्या काठाचा डबा तर त्याहून चांगला. विलायती बशीला जी जोड लागते ती आपल्या ताटात मुळातच आहे. नुसत्या फॅशनपायी आजोबांच्या पुढ्यात सपाट काचेची बशी ठेवली, तर आपण त्यांची अडचण वाढवतो.

दुसरी अडचण म्हणजे ताटच सरकणे. येथे घर्षण मदतीला येते. ताटाखाली रबरी चटई किंवा ओले करून पिळलेले जाड फडके ठेवले तर घर्षण वाढते आणि ताट जागचे हलत नाही. भांडे जड असले तरी हाच फायदा होतो, कारण घर्षणबल हे पृष्ठभागावरील दाबाबरोबर वाढते.

तिसरी गोष्ट म्हणजे चमच्याची मूठ. तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर असेल तर पाहा, त्याची मूठ दांड्यापेक्षा कितीतरी जाड असते. कारण असे : बोटांनी एखादी गोल मूठ दाबून धरली असता ती हातात फिरू नये म्हणून जो पीळ घर्षण देऊ शकते, तो मुठीच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. दाब तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पिळाचा विरोधही दुप्पट होतो. शिवाय ताठर बोटे बारीक दांड्याभोवती पुरती मिटत नाहीत. जाड मुठीभोवती ती सहज बसतात. सुमारे तीन सेंटिमीटर जाडीची मूठ पुष्कळांना सोयीची पडते. त्याहून फार जाड केली तर बोटांचा वेढाच अपुरा पडतो आणि फायदा जातो. पाण्याच्या नळीचे वेष्टण असते तशी फोमची नळी चमच्याच्या दांड्यावर चढवली, किंवा सायकलच्या मुठीचे रबर बसवले, तरी काम भागते.

अमेरिकेतील सॅम फार्बर यांची पत्नी संधिवाताने आजारी होती. तिला साल काढण्याचे सोलाणे नीट धरता येईना, म्हणून त्यांनी जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकघरातली हत्यारे बनवून घेतली. ‘ऑक्सो’ या नावाने ती १९९० साली बाजारात आली आणि धडधाकट लोकांनीही उचलून धरली. दुबळ्या हाताचा विचार करून केलेली वस्तू सर्वांच्याच सोयीची निघते, हा अनुभव अनेकदा येतो.

दुसरा टप्पा : घास वाहून नेणे

येथे थोडे गणित करू. समजा, चमचा मध्यापासून वर एक सेंटिमीटर आणि खाली एक सेंटिमीटर असा सेकंदाला ५ वेळा हलतो आहे. अशा आंदोलनात सर्वाधिक त्वरण किती असते? ते काढण्याचे सूत्र असे : २ गुणिले ३.१४ गुणिले वारंवारता, या सर्वाचा वर्ग करावयाचा आणि त्याला आयामाने गुणावयाचे.

२ × ३.१४ × ५ = ३१.४. त्याचा वर्ग सुमारे ९८६. आयाम १ सेंटिमीटर; म्हणून त्वरण ९८६ सेंटिमीटर प्रति सेकंद प्रति सेकंद.

हा आकडा ओळखीचा वाटतो ना? गुरुत्वत्वरण ९८० आहे! म्हणजे सेकंदाला पाच वेळा, अवघा एक सेंटिमीटर आयामाचा कंप हा प्रत्यक्ष पृथ्वीच्या ओढीशी बरोबरी करतो. हेलकाव्याच्या वरच्या टोकाला चमच्यातला शेंगदाणा क्षणभर वजनहीन होतो. कंप किंचित वाढला की तो चमच्यातून उडतो. कंप आडवा असेल तर आमटी तेवढ्याच जोराने चमच्याच्या काठावर आदळते. रुग्ण ‘निष्काळजीपणे’ खात नाही. तो गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराशी झगडत असतो. हे एकदा कळले की सांडलेल्या घासाबद्दल कोणी कपाळाला आठी घालणार नाही.

सूत्रावरून आणखी एक गोष्ट दिसते. आयाम पावपट केला की त्वरणही पावपट होते. म्हणजे कंप पूर्ण थांबवण्याची गरज नाही. तो पुरेसा लहान केला की घास चमच्यात राहतो. आता हे कसे साधायचे?

जड चमच्याची कथा

पहिला विचार कोणालाही सुचेल तो असा : वस्तू जड केली की तिचे जडत्व वाढते, मग ती कमी हलेल. म्हणून शिसे किंवा पोलाद भरलेल्या जड मुठीचे चमचे फार वर्षांपासून विकले जातात. तर्क बरोबर वाटतो. पण हलते ती वस्तू कोणती, हे पाहा. चमचा एकटा हलत नाही. पंजा आणि पुढचा हात त्याच्याबरोबर हलतात. साठ किलो वजनाच्या माणसाचा पंजा साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सुमारे एक किलोचा असतो. यात १०० ग्रॅमची भर घातली, तर हलणारे वस्तुमान शेकडा आठानेही वाढत नाही. केवळ पंजाच हलत असेल तर फरक थोडा अधिक पडेल, एवढेच.

पार्किन्सनच्या रुग्णांवर घेतलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जड चमचा आणि मनगटावरचे वजन यांनी कंपाचा आयाम किंवा वारंवारता कमी झाल्याचे दिसले नाही. तरीही काही रुग्णांना जड चमचा हातात ‘जाणवतो’ आणि त्यामुळे बरा वाटतो. ज्यांचे स्नायू लवकर थकतात त्यांना मात्र हलका चमचाच सोयीचा पडतो. म्हणून जड चमचा विकत आणण्यापूर्वी एकदा हातात धरून, जेवून पाहावे. तर्क सुंदर असला तरी प्रयोगाच्या कसोटीला उतरावा लागतो, हा धडा येथेही आहेच.

उलट दिशेने हलणारा चमचा

दुसरा मार्ग वेगळा आहे. हात हलू द्यावा, पण चमच्याची बशी हलू देऊ नये. मिशिगन विद्यापीठात शिकलेले अभियंता अनुपम पाठक यांनी असा चमचा तयार केला. ‘लिफ्टवेअर’ या नावाने तो २०१३ च्या सुमारास पुढे आला, आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने त्यांची कंपनी विकत घेतली.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. जाड मुठीत बॅटरी, दोन छोटी चलित्रे आणि एक संगणकीय चकती असते. हालचाल ओळखणारा संवेदक सेकंदात अनेक वेळा मोजमाप घेतो. मोबाईल फोन आडवा केला की चित्र आडवे होते, ते ज्या जातीच्या संवेदकामुळे, त्याच जातीचा हा. हात डावीकडे सरकला की चलित्र बशीला तेवढेच उजवीकडे सरकवते. हात वर गेला की बशी खाली. परिणामी बशी जवळजवळ जागच्या जागी राहते.

पण येथे एक पेच आहे. हात तोंडाकडे जातो, तीही हालचालच की! ती रद्द झाली तर घास तोंडात जाणारच नाही. यातून सुटका वारंवारतेने होते. चमचा तोंडाकडे नेण्याची हालचाल सावकाश असते. एका फेरीला सेकंद-दोन सेकंद लागतात. कंप मात्र सेकंदाला चार-पाच किंवा अधिक वेळा होतो. चकतीतील गणित गाळणीप्रमाणे काम करते : सावकाश हालचाल तशीच जाऊ देते आणि जलद थरथर तेवढी वेगळी काढून तिच्यावर उलट हालचाल देते. रेडिओ लावताना आपण नाही का अनेक लहरींतून एकच निवडून घेत?

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत १५ रुग्णांनी हा चमचा वापरला, आणि बशीचा कंप सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाला. मघाचे गणित लावा : कंप पाव-तिसरा हिस्सा उरला म्हणजे घासावरचे त्वरणही तेवढेच उरले. आता शेंगदाणा उडणार नाही.

मात्र ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, की ते पंधराही रुग्ण इसेन्शियल ट्रेमरचे होते. म्हणजे हात काम करताना थरथरणारे. पार्किन्सनच्या ज्या रुग्णाचा हात जेवताना थरथरतो, त्याला असा चमचा उपयोगी पडू शकतो. पण ज्याची अडचण ताठरपणा, मंदपणा किंवा सैल पकड ही आहे, त्याला कंप रद्द करणारा चमचा देऊन काय उपयोग? शिवाय फार मोठे हेलकावे या चमच्याच्या आवाक्याबाहेर जातात, आणि सुरुवातीला त्याची किंमत जवळजवळ तीनशे डॉलर होती. पुढे चीनमध्ये ‘ग्येनो’ नावाचा अशाच तत्त्वावरचा चमचा निघाला.

ताठर मनगटासाठी दुसरे प्रकार आहेत. एका चमच्याचा दांडा तोंडाच्या बाजूला वळवलेला असतो, त्यामुळे मनगट कमी वळवावे लागते. दुसऱ्यात बशी पाळण्यासारखी टांगलेली असते. हात कसाही तिरपा झाला तरी ती सपाट राहते. पण कंप असणाऱ्याला हा झुलता चमचा जपून द्यावा. झुलणारी बशी हा एक लंबक आहे, आणि जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या लंबकाची स्वतःची वारंवारता सेकंदाला ५ असते. म्हणजे कंपाशी तिची गाठ पडून बशी अधिकच झुलू शकते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र चमच्यात नाहीच. कोपर टेबलावर टेकवावे आणि ताट एखाद्या पाटावर किंवा चौरंगावर ठेवून उंच करावे. चमच्याचा प्रवास जितका आखूड, तितका सांडण्यास कमी वाव. घासही निवडता येतो. पातळ आमटीपेक्षा घट्ट वरणात कालवलेला मऊ भात चमच्याला चिकटून राहतो.

पेल्याचे प्रकरण

पेल्यातले पाणी एकदा हलवले की ते काठापासून काठापर्यंत हिंदकळत राहते. या हिंदकळण्यालाही स्वतःची वारंवारता असते. सात सेंटिमीटर व्यासाच्या, पुरेशा भरलेल्या पेल्यासाठी ती गणिताने सेकंदाला सुमारे साडेतीन येते; पाच सेंटिमीटर व्यासासाठी सव्वाचार. पार्किन्सनच्या कंपाची वारंवारता ४ ते ६! झोक्याला योग्य वेळी दिलेला छोटा धक्का त्याला उंच नेतो, त्याला आपण अनुस्पंदन म्हणतो. पेल्यातही तेच घडते. हाताचा कंप पाण्याच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळतो आणि लहानशा थरथरीनेही पाणी काठाबाहेर जाते. चालताना कॉफी का सांडते, याचा असाच अभ्यास दोन शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला होता.

उपाय अनेक आहेत. पेला अर्धाच भरावा, म्हणजे लाटेला काठ गाठता येत नाही. झाकणाचा पेला घ्यावा. दोन कानांचा पेला दोन्ही हातांनी धरावा. मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या वस्तुरचनाकार तरुणीने आपल्या काकांचा आजार जवळून पाहिला आणि नेदरलँड्समध्ये शिकत असताना एक पेला रचला. त्याचा वरचा काठ आतल्या बाजूला वळलेला आहे; हिंदकळून वर आलेले पेय त्या वळणावरून पुन्हा आत परतते. त्यात ना बॅटरी, ना चलित्र. तो पाहून ‘हा आजारी माणसाचा पेला’ असे कोणी म्हणणार नाही, हा त्याचा दुसरा मोठा गुण.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील लिली बॉर्न या शाळकरी मुलीच्या आजोबांना पार्किन्सनचा आजार होता. त्यांचा पेला वारंवार कलंडे. तिने पेल्याला खाली तीन पाय जोडले. पायांमुळे बूड रुंद झाले, आणि तीन पायांची वस्तू खडबडीत जागेवरही डुगडुगत नाही, हे भूमितीने सिद्धच आहे. २०१४ साली तिचा पेला लोकवर्गणीच्या बळावर बाजारात आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तिसरा टप्पा : गिळणे

येथे घरगुती युक्त्यांना मर्यादा आहे. आजारात गिळण्याचे स्नायूही मंदावतात. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना लगेच सांगावे. नाकासाठी एका बाजूला खाच ठेवलेला पेला मिळतो. त्यातून पिताना मान मागे टाकावी लागत नाही, आणि त्यामुळे गिळणे अधिक सुरक्षित होते. नळीने पिणे काहींना सोयीचे, तर काहींना धोक्याचे असते. तेव्हा तेही विचारूनच ठरवावे.

औषधाची वेळही जेवणाशी बांधलेली आहे. लेव्होडोपा आणि डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिनांचे घटक आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात. दोन्ही एकदम आले की औषध मागे पडते. म्हणून बहुधा औषध जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयास सांगतात. हात चांगला चालण्याच्या वेळेला जेवण घेतले, तर चमच्याचे निम्मे काम औषधच करते.

आधी हात पाहावा

तर मग सर्वांत चांगला चमचा कोणता? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. भात ताटातच पळतो काय? मग उभा काठ आणि न सरकणारे ताट. चमचा बोटांतून फिरतो काय? जाड मूठ. मनगट वळत नाही? वाकडा दांडा. वाटेत थरथर होते? कोपराला आधार, आणि परवडत असेल व कंप त्या जातीचा असेल तर उलट हलणारा चमचा. नुसते ‘पार्किन्सन आहे’ एवढ्यावरून महागडे उपकरण आणले, तर ते कपाटात पडून राहते, आणि माणसाला वाटते की आपल्याला आता काहीच जमणार नाही. ही निराशा सांडलेल्या आमटीपेक्षा वाईट. हात पाहून उपकरण सुचवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट मोठ्या रुग्णालयांत असतात. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ, तसेच मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडेही रुग्ण आणि कुटुंबीय एकमेकांचे अनुभव सांगतात.

तुम्ही करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, पुढील प्रयोग शाळेत सहज करता येतील. शिक्षकांनी एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यावी आणि प्रत्येक प्रयोग निदान पाच वेळा करवून सरासरी काढावी.

१. हातात जाड लोकरी मोजे घालून साध्या चमच्याने वाटीतले पन्नास शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाका. किती सांडले आणि किती वेळ लागला ते लिहा. मग दांड्यावर कापड गुंडाळून मूठ दोन, तीन आणि पाच सेंटिमीटर जाड करून तेच करा. जाडी आणि सांडलेले दाणे यांचा आलेख काढा. कोठे तो पुन्हा वर वळतो?

२. हेच शेंगदाणे एकदा सपाट बशीतून आणि एकदा उभ्या काठाच्या ताटातून, पण मनगट न वळवता उचला. मनगटाला पट्टी बांधली तर ते वळणार नाही.

३. निरनिराळ्या रुंदीच्या पेल्यांत पाणी घ्या, हलकेच धक्का द्या आणि मोबाईलवर मंद गतीचे चित्रण करून दहा हिंदकळे मोजा. रुंद पेल्यात वारंवारता कमी येते काय?

हे प्रयोग करताना कोणाच्या आजाराची नक्कल करून हसू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

आणि घरात किंवा शेजारी असे कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. ‘तुम्हाला काय आणून देऊ?’ असे विचारण्याआधी ‘नेमके कोठे अडते?’ असे विचारा, आणि त्यांचा हात नीट पाहा. कदाचित एक ओले फडके, एक पाट आणि कापड गुंडाळलेला एक जुना चमचा एवढ्यानेच त्यांना पुन्हा पंगतीत बसता येईल.